चाळिशी ओलांडली की मेटाबॉलिझम खरंच स्लो होतंय का?

टॉवेलचा_हिशेब

नमस्कार मंडळी. वय ४३, उंची १७०, वजन ७८, राहायला जुळे सोलापूर. तेविसाव्या वर्षी कामाला लागलो तेव्हा वजन ६० होतं, त्यावेळच्या फोटोत शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा दिसतोय. मधल्या काळात खाणं एकदम वाढलं असं काही नाही, उलट दोन वर्षांपासून रात्रीची एक भाकरी कमी केलीय, तरी पोट काही ऐकत नाही.

माझे बाबा ३४ वर्षं यंत्रमागावर होते, पूर्व भागात कारखाना, सायकलवर जाणं सायकलवर येणं, दिवसभर मागांच्या मधनं उभ्यानं फेऱ्या, आणि जेवायला बसले की चार भाकऱ्या, शेंगा चटणी, वर तेलाची धार. आज ७३ वय आहे आणि पोट आतच. मी अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट बघतो, म्हणजे धंदा तोच पण खुर्चीवर.

मागच्या महिन्यात जिम लावली. ट्रेनरनं एका वजनाच्या मशीनवर उभं केलं, त्यात 'मेटाबॉलिक एज ५६' आलं. तो म्हणला सर चाळिशीनंतर मेटाबॉलिझम बसतंच, ही पावडर घ्या, ३४०० ला डबा. बायको म्हणते थायरॉईड तपासा. आणि घरात आई आहे ६९ ची, ती खाते चिमणीएवढं, हातपाय काटकुळे झालेत पण तिलाही पोट आहे, हे कसं काय?

मेटाबॉलिझम म्हणजे नक्की काय असतंय, ते वयानं खरंच बसतं का, आणि डबा घेऊ का नको, कुणीतरी नीट सांगा. डाएट प्लॅन पाठवू नका प्लीज, ते व्हॉट्सॲपवर रोज सकाळी सहा येतात.

डिस्को_भजी

मालक, भाकरी कमी केली ते सांगायलात, चारच्या चहाबरोबरची भजी कोण मोजणार बे? ती काय ऑफिसच्या खात्यावर पडतात का?

जोक सोडा. मी पण हिशेब केला होता एकदा, सांगतो. भाजलेले शेंगदाणे १०० ग्रॅमला साधारण पावणेसहाशे कॅलरी. आपण सोलापूरकर चटणी म्हणून ताटात जे घेतो ते सहज ३० ग्रॅम, म्हणजे पावणेदोनशे कॅलरी झाल्या, त्यावर मोठा चमचाभर तेल म्हणजे आणखी सव्वाशे. तीनशे झाले की नाही? आणि आपल्याकडं चटणीला कोणी जेवण म्हणत नाही, ती तोंडी लावायला असते! मी एक भाकरी कमी करायचो आणि ती कोरडी जाऊ नये म्हणून उरलेल्या दोनवर चटणी डबल घ्यायचो. वजन वाढलं, दोष मेटाबॉलिझमला.

बाकी पावडरचं तज्ज्ञ सांगतील.

मास्तर_बायोकेम

कॉलेजात हाच विषय शिकवतो त्यामुळं लांब लिहिणार, आधीच माफी मागून ठेवतो.

मेटाबॉलिझम म्हणजे पोटात कुठं एक भट्टी आहे आणि चाळिशीला ती मंद होते असं नसतं. अंगातल्या प्रत्येक पेशीत खाल्लेली साखर, फॅट, प्रोटीन फोडून त्यातनं एटीपी (म्हणजे पेशीची खर्चायची ऊर्जा) बनवायचं, आणि त्या एटीपीवर हृदय हलतं ठेवायचं, किडनीतनं रक्त गाळायचं, जुनं प्रोटीन मोडून नवं बांधायचं, या सगळ्या उलाढालीला मिळून तो एक शब्द आहे. तुम्ही अकाउंटवाले आहात तर दुकानाचं भाडं, लाईटबिल, पगार असतात ना, धंदा होवो न होवो द्यावेच लागतात, तसा दिवसभर नुसतं पडून राहिलात तरी होणारा जो खर्च आहे तो बीएमआर. बैठं काम करणाऱ्याच्या रोजच्या खर्चात साधारण ६० ते ७० टक्के तोच असतो. खाल्लेलं पचवायलाच १० टक्क्यांच्या आसपास जातं, आणि उरलेलं हालचालीला.

आता हा बीएमआर कोण खातं? मेंदू, लिव्हर, हृदय आणि किडनी मिळून वजनाच्या जेमतेम ५-६ टक्के असतात आणि पडून असतानाच्या खर्चातला जवळपास ६० टक्के त्यांचा असतो. मसल किलोमागे दिवसाला १३ कॅलरीच्या आसपास, फॅट साडेचार. म्हणजे जिमवाले जे म्हणतात की मसल कमावले की झोपेतही चरबी जळते, ते खोटं नाही पण फुगवलेलं आहे, पाच किलो मसल (आणि पाच किलो कमावणं म्हणजे खेळ नाही) बसल्या जागी ६५ कॅलरी खातील, एक चपाती सुद्धा नाही. मसलचे फायदे वेगळे आहेत, ते पुढं कोणी सांगेलच.

वयाचं. २०२१ ला 'सायन्स' या संशोधनाच्या मासिकात एक मोठा अभ्यास आला, हर्मन पाँट्झर आणि बरोबर बरेच जण, २९ देशांतली ६४०० च्या वर माणसं, ८ दिवसाच्या बाळापासून ९५ वर्षाच्या म्हाताऱ्यापर्यंत. मोजायची पद्धत भारी आहे. प्यायला असं पाणी देतात ज्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही जड जातीचे असतात. जड हायड्रोजन अंगातनं फक्त पाण्याच्या रूपानं जातो, लघवी, घाम वगैरे. जड ऑक्सिजन पाण्यातनं पण जातो आणि श्वासातल्या कार्बन डायऑक्साईडमधनं पण. मग पुढचे आठ-पंधरा दिवस लघवीचे नमुने घेतले की दोघांच्या घटण्यात जो फरक पडतो त्यातनं तुम्ही किती कार्बन डायऑक्साईड सोडला ते कळतं, म्हणजेच किती जाळलं ते. माणूस आपल्या घरी राहतो, कामाला जातो, काही बांधून बसावं लागत नाही. ही युक्ती १९५० च्या दशकातली, उंदरांवर केलेली, माणसावर यायला १९८२ उजाडलं कारण ते पाणी भयंकर महाग होतं.

निघालं काय, तर अंगाच्या मापाचा हिशेब वजा केला की सगळ्यात जोरात मेटाबॉलिझम वर्षाच्या बाळाचं, मोठ्या माणसापेक्षा जवळपास ५० टक्के जास्त. तिथनं विशीपर्यंत हळूहळू उतरतं. आणि २० ते ६०, सपाट. तिशीत नाही, चाळिशीत नाही, बायकांचं गरोदरपणात सुद्धा नाही (अंग वाढतं तेवढंच वाढतं). साठीनंतर मात्र उतार, वर्षाला ०.७ टक्के, नव्वदीत पोचेपर्यंत मधल्या वयापेक्षा २६ टक्के कमी. म्हणजे तुमचा ट्रेनर वीस वर्षं आधी बोलला.

उलट तुमचाच हिशेब करू. बीएमआर काढायचं मिफ्लिनचं सूत्र आहे, पुरुषासाठी वजन गुणिले १०, अधिक उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, अधिक ५. तेविसाव्या वर्षी तुमचा बीएमआर येतो साधारण १५५०, आणि आज १६३०! वाढलाय. कारण ७८ किलोचं अंग चालवायला जास्त लागतं. सूत्रात वय वजा होतंय ते खरं, पण २० वर्षांचे मिळून १०० कॅलरी, आणि त्यातला बराच भाग मसल घटल्याचा असतो. जिमचं मशीन पण असंच एखादं सूत्र चालवतं, पायातनं बारीक करंट सोडून फॅट किती त्याचा अंदाज घेतं आणि सरासरी माणसाशी ताडून वय छापतं. त्यानं तुमच्या पेशीत डोकावून बघितलेलं नाही.

मग १८ किलो आले कुठनं? एक किलो फॅट म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. १८ किलोचे १,३८,६००, भागिले २० वर्षांचे ७३०० दिवस, उत्तर १९. रोजच्या फक्त १९ कॅलरी, अर्धा चहाचा चमचा तेल. (खरा हिशेब इतका सरळ नाही, वजन वाढत जातं तसा खर्चही वाढतो त्यामुळं प्रत्यक्षात जास्त खाल्लेलं असतं, पण गळती किती बारीक असते हे कळावं म्हणून सांगितलं.) एवढी चूक तुमच्या टॉवेलच्या वहीत तरी पकडता येईल का?

होटगीरोडची

मास्तर, अभ्यास भारी आहे पण माझ्या अंगाला हा अभ्यास कोणी वाचून दाखवला नाही वाटतं. वय ४८. घरची सगळी कामं तीच, सकाळी संभाजी तलावाला चार चकरा त्याच, खाणं तेच, आणि दोन वर्षात सात किलो, तेही सगळं पोटावर. आधी माझं वजन वाढलं की मांडीला वाढायचं. पाळी सहा सहा महिने पत्ता नाही. डॉक्टरकडं गेले तर म्हणे वयाचं आहे, खाणं कमी करा. अजून किती कमी करू, वास घेऊन जगू का? आणि तुम्ही म्हणता ६० पर्यंत सपाट. सपाट काय सपाट.

मास्तर_बायोकेम

ताई, राग बरोबर आहे, आणि चूक माझ्या सांगण्यात आहे. त्या अभ्यासात 'अंगाच्या मापाचा हिशेब वजा करून' असं जे आहे ना, त्यात सगळी मेख आहे. म्हणजे तुमचं एक किलो मसल, एक किलो लिव्हर पंचविशीतल्या मुलीइतकंच जाळतं, असं तो सांगतो. पण ते मसल तेवढंच राहिलं का, हे तो सांगत नाही. पाळी जायच्या आधीच्या एक-दोन वर्षांपासून चरबी वाढायचा वेग वाढतो आणि मसल घटायला लागतं, त्यामुळं काट्यावर जेवढं दिसतं त्याच्यापेक्षा आत जास्त उलथापालथ झालेली असते. इस्ट्रोजेन (बायकांचं हार्मोन) असेपर्यंत चरबी मांडीला कमरेला साठते, ते कमी झालं की पोटात, आतड्याभोवती. तुम्ही जे बघितलंय ते अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं आहे. झोप मोडत असेल रात्री घाम येऊन, तर त्यानं भूक पण वाढते.

चकरांना ताकदीची जोड द्या, काहीतरी जड उचलायचं, आठवड्यात दोन-तीनदा. आणि टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) एकदा बघाच, तुम्ही आणि मूळ प्रश्नकर्ते दोघांनीही. थायरॉईड खरंच कमी पडत असेल तर वजन वाढतं, पण साधारण दोन ते पाच किलो, आणि त्यातलं बरंचसं पाणी आणि मीठ असतं. १८ किलोचं बिल एकट्या थायरॉईडच्या नावावर फाडता येत नाही.

अजून एक, मूळ प्रश्नकर्त्यांना. बाबांची तुलना करताना नुसतं 'ते जास्त जाळायचे' म्हणून सोडू नका. उभ्यानं फिरत केलेल्या कामाला बसल्या कामाच्या दीडपट-दुप्पट खर्च येतो, आठ तासांत ४००-५०० चा फरक सहज दिसतो कागदावर. पण याच पाँट्झरनं टांझानियातल्या हाड्झा लोकांचं मोजमाप केलं होतं, २०१२ ला छापलं, ते लोक रानात कंद खणत, शिकार करत दिवसभर फिरतात आणि तरी अंगाच्या मापानं बघितलं तर त्यांचा दिवसाचा एकूण खर्च अमेरिकेतल्या खुर्चीवाल्या माणसाइतकाच निघाला! शरीर दुसरीकडं काटकसर करतं म्हणे. यावर अजून भांडणं चालू आहेत, मला स्वतःला वाटतं की थोडी भरपाई होते, सगळी नाही. पण जिममधे तासभर घाम गाळला की ते मशीन ६०० दाखवतं ते सगळेच्या सगळे तुमच्या खिशात येत नाहीत, एवढं नक्की. बाबांच्या वेळी चारच्या चहाला भजी यायची का, हे पण विचारून बघा.

आणि पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक माहिती असतील. लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात २००४ ला त्यांचा आणि त्यांच्या लंडनच्या डॉक्टर मित्राचा जोडफोटो आला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) अगदी सारखा २२.३, पण फॅट मित्राच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या माणसाच्या २१.२. भारतीय माणूस बारीक दिसून आतनं चरबीवाला असतो तो असा. त्यामुळं आपल्याला बीएमआय २३ च्या वर गेलं की सावध व्हायचं असतं, तुमचं २७ आहे. कंबर ९० सेंटीमीटरच्या आत पाहिजे, बायकांची ८०. तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट करून घ्या, काट्यापेक्षा ती महत्त्वाची.

डिस्को_भजी

मास्तर तुम्ही माझ्या नावावर का उठलाव?

पाय_मोजणारी

फिजिओथेरपिस्ट आहे, सगळा धागा वाचला. सगळेजण ४३ वर्षाच्या पोटावर बोलताय, आणि ज्यांचं खरंच अर्जंट आहे त्या आईंबद्दल कोणीच बोललं नाही. मास्तरांनी सांगितलेला उतार साठीनंतरचा आहे, म्हणजे घरात मेटाबॉलिझम कोणाचं उतरलंय तर आईंचं.

'चिमणीएवढं खाते' हे वाक्य मी रोज ऐकते आणि लोक ते कौतुकानं सांगतात. होतं काय की वय वाढलं की खर्च कमी, म्हणून भूक कमी, म्हणून चहा-बिस्किट, भात-आमटीचं पाणी यावर दिवस निघतो. पण प्रोटीनची गरज कमी होत नाही, उलट वाढते, कारण म्हाताऱ्या मसलला तेवढंच प्रोटीन दिलं तरी तरुण मसलसारखं ते बांधून घेत नाही. मोठ्या माणसाला आपल्याकडं किलोमागे ०.८३ ग्रॅम सांगतात, पासष्टीनंतर १ ते १.२ तरी जावं. आई ५० किलोच्या असतील तर दिवसाला ५०-६० ग्रॅम. (किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचारूनच, हे विसरू नका.) पिठलं, मटकी, दही, डाळ घट्ट, अंडं चालत असेल तर अंडं, आणि हो, शेंगा चटणी पण! तुम्हाला जी कमी करायची आहे ती त्यांना द्या. शेंगदाण्यात १०० ला २५ ग्रॅम प्रोटीन असतं. दात नसतील तर कूट करून ताकात.

घरी एक टेस्ट करा. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, हाताची घडी छातीवर, आणि पाच वेळा पूर्ण उभं राहून बसायचं, मोबाईलवर वेळ लावायची, शेजारी कोणीतरी उभं राहा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायाची ताकद घटलीय असं धरतात. पोटरीचा घेर पण मोजा, टेपनं, सगळ्यात जाड जागी. बायकांत ३३ सेंटीमीटरपेक्षा कमी म्हणजे मसल कमी असल्याची शंका. हात काटकुळे आणि पोट पुढं, याचं उत्तर तेच आहे, मसल गेलं आणि चरबी जागेवर राहिली, वजनकाट्याला काहीच कळलं नाही.

हे मी का ओरडून सांगतेय तर निरोगी म्हाताऱ्या माणसांना १० दिवस नुसतं बेडवर झोपवून ठेवलं तर पायातलं जवळजवळ एक किलो मसल गेलं, असं एका प्रयोगात मोजलंय. फक्त १० दिवस. एक चिकुनगुनिया नाहीतर बाथरूममधलं एक घसरणं, आणि मग माणूस उठतच नाही, लोक म्हणतात वय झालं होतं.

तरुणांनी पण ऐका, मसल तिशीनंतर दर दहा वर्षांनी ३ ते ८ टक्के जातं, वापरलं नाही तर जास्त. एका दिवसात कळत नाही म्हणून कोणी तक्रार करत नाही.

टॉवेलचा_हिशेब

उशीर झाला उत्तर द्यायला, मार्चएंडिंग होतं.

सगळ्यांचे आभार. पावडरच्या डब्यामागचं बारीक अक्षर बायकोनं चष्मा लावून वाचलं, पहिलंच नाव कॅफिन. म्हणजे ३४०० रुपयाची कॉफी, तीही विना दुधाची. घेतला नाही.

आईची टेस्ट घेतली, १७ सेकंद, चौथ्या वेळेला हात सुटला आणि गुडघ्यावर गेला. पोटरी ३० भरली. खरं सांगतो, मी पोट मोजत बसलो होतो आणि हे रोज डोळ्यापुढं असून दिसलं नव्हतं. आता सकाळी दोन अंडी चालू केलीत, आधी नाही म्हणली, मग नातवानं अंडं सोलून दिलं तर खाल्लं. खुर्चीवरनं उठ-बस सकाळ संध्याकाळ, सिरियलच्या ब्रेकमधे.

माझी शुगर बॉर्डरला निघाली, थायरॉईड ठीक. बाबांना भजीचं विचारलं. म्हणले, कारखान्यात चहा यायचा तोच अर्धा कप, भजी पगाराच्या दिवशी. होटगीरोडच्या ताई, बायकोनं तुमचं उत्तर दोनदा वाचलं आणि माझ्याकडं बघत म्हणली, बघा, मी सांगत होते.

आणि एक गंमत. जिमची फी भरलेली वाया जायला नको म्हणून बाबांना घेऊन गेलो आणि त्या मशीनवर उभं केलं. वय ७३, वजन ५८. मेटाबॉलिक एज आलं ५८! ट्रेनर मशीन बंद करून परत चालू करायला लागला. म्हणजे माझ्यात आणि बापात आता दोनच वर्षांचं अंतर राहिलं.

डिस्को_भजी

मग काय मालक, शाळूसोबतीच की तुम्ही दोघं. भाकरी पण शाळूचीच खाता.